पोटाला मीटर नाहीं म्हणून!

इचलकरंजीच्या गल्लीबोळांतून आणि भिवंडी-मालेगांवच्या शेडांतून एक रडगाणें आम्ही कित्येक वर्षें ऐकत आहों. "सरकारनें ठरविलेली किमान मजुरी द्यावयाची म्हटली, तर माग भंगारांत घालावे लागतील!" हें बोलणारे मोठे गिरणीवाले असते, तर आम्ही दोन ओळींत त्यांची वासलात लावली असती. पण हें बोलणारा पुष्कळदां आमच्यांतलाच असतो. बापाची दोन एकर जमीन विकून, नाहीं तर पतसंस्थेचें कर्ज काढून त्यानें सहा-आठ जुने माग घेतलेले असतात. तो स्वतः मागावर उभा राहतो, बायको कांड्या भरते, आणि हाताखालीं दोघे-तिघे गडी असतात. तो मालकही आहे आणि कामकरीही आहे. म्हणून त्याच्या म्हणण्याला नीट उत्तर देणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आमचें उत्तर सरळ आहे. त्याची अडचण खरी आहे, पण त्यानें धरलेली वाट खोटी आहे. आजच्या दरांत पुरी मजुरी बसत नाहीं, हें खरें. पण ती बसत नाहीं म्हणून गड्याच्या पोटाला चिमटा घ्यावयाचा, हा न्याय कोणत्या गांवचा? विजेला मीटर आहे. बिल थकलें तर जोडणी तोडतात. बँकेच्या हप्त्याला तारीख आहे. ती चुकली तर नोटीस येते. सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातांत कात्री आहे. ताग्यांत डाग दिसला कीं तो बिलांतून पैसे कापतो. एका कामकऱ्याच्या पोटालाच काय तें मीटर नाहीं! म्हणून ज्याला दुसरीकडे कोठेंच कमी करतां येत नाहीं, तो येथें कमी करतो. वड्याचें तेल वांग्यावर काढतात तें हें असें.

आधीं कायदा काय म्हणतो तें समजून घेऊं. कारण अर्धा कायदा सांगून भिवविणारे आणि उरलेला अर्धा लपवून पैसे काढणारे दलाल फार माजले आहेत. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीं झाला. त्याच्या जागीं २०१९ सालची वेतन संहिता आली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आहे. पूर्वीं सरकारनें यादींत घातलेल्या धंद्यांपुरतीच किमान मजुरी असे. आतां यादीची भानगड राहिली नाहीं. कारखान्यांत गडी तीन असोत कीं तीनशें, लहान म्हणून कमी मजुरी देण्याची सूट कोणालाच नाहीं. काम मीटरवर असलें तरी दिवसाच्या ठरलेल्या मजुरीपेक्षां कमी रक्कम हातीं पडतां कामा नये. वीज गेली किंवा बीम आला नाहीं म्हणून माग उभा राहिला, तर तो तोटा कामाला तयार असलेल्या गड्याच्या माथीं मारतां येत नाहीं. जादा तासांना दुप्पट दर आहे. आणि एकाच कामाला पुरुषाला एक व बाईला एक असा भेद करतां येत नाहीं. घडी घालणाऱ्या आणि कांड्या भरणाऱ्या भगिनींनीं हें नीट ध्यानांत ठेवावें.

"आम्ही गरीब, आम्हांला परवडत नाहीं," ही सबब तर कोर्टांत केव्हांच बाद झाली आहे. १९५४ सालीं अजमेरच्या एका कापडगिरणीच्या खटल्यांत, आणि १९६१ सालीं केरळांतील कौलांच्या कारखानदारांच्या खटल्यांत, सुप्रीम कोर्टानें स्पष्ट सांगितलें कीं, किमान मजुरी ठरवितांना मालकाची ऐपत पाहावयाची नसते. १९८२ सालीं दिल्लींतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत तर कोर्टानें असा निकाल दिला कीं, किमान मजुरीपेक्षां कमी देऊन काम करून घेणें म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमानें बंद केलेली वेठच होय. वेठ म्हणजे काय, हें आमच्या वाचकांना कोणी सांगावयास नको. आजा-पणजांनीं ती पाठीवर वाहिली आहे. ज्याच्या आजानें दुसऱ्याचें ओझें फुकट वाहिलें, त्याच्याच नातवानें आपल्या शेडमध्यें वेठ चालवावी, यासारखी शरमेची गोष्ट दुसरी कोणती?

आणि ही मजुरी म्हणजे कांहीं चैनीची रक्कम नव्हे. ती कशी काढावी याची रीत १९५७ सालच्या भारतीय श्रम परिषदेनें घालून दिली. कुटुंबांत तीन पुऱ्या माणसांचें खाणें धरावें; दर माणशीं दिवसाला २,७०० उष्मांकांचें अन्न; चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड; राहण्यापुरतें भाडें; आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्च यांसाठीं एकंदर मजुरीच्या २० टक्के. पुढें १९९१ सालीं सुप्रीम कोर्टानें त्यांत मुलांचें शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य व म्हातारपण यांसाठीं आणखी २५ टक्क्यांची भर घातली. बहात्तर वार कापड! सहा माग सांभाळणारा विणकर इतकें कापड अर्ध्या पाळीच्या आंत उतरवितो. तरी दिवाळीला पोराच्या अंगावर नवा सदरा घालावयाचा म्हटला, तर उधारी मागावी लागते ती त्यालाच. यापेक्षां दुसरा पुरावा कशाला हवा?

आतां हिशेबाकडे वळूं. खालचे आंकडे आम्ही केवळ रीत दाखविण्यासाठीं धरले आहेत. प्रत्येकानें आपल्या मागांचे आणि आपल्या परिमंडळाला लागू असलेल्या दराचे आंकडे घालून हाच हिशेब मांडावा. समजा, आठ तासांच्या दिवसाची किमान मजुरी ४५० रुपये आहे. एक विणकर सहा माग पाहतो आणि दर मागावर पाळीला २५ मीटर कापड उतरतें. म्हणजे सहा मागांवर १५० मीटर. ४५० रुपयांना १५० नीं भागलें कीं मीटरला ३ रुपये विणकराचे झाले. आतां व्यापारी काय देतो पाहा. कापड ५२ पिकांचें, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे. व्यापारी पिकाला ६ पैसे देतो असें धरूं. ५२ गुणिले ६ म्हणजे ३१२ पैसे. मीटरला ३ रुपये १२ पैसे. विणकराचे तीन रुपये दिले कीं उरले बारा पैसे. सबंध पाळीचे अठरा रुपये! त्यांत वीज, कांडीवाली, जॉबर, घडी, शेडचें भाडें, सुटे भाग, बँकेचा हप्ता आणि घरची चूल. आडांतच नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

मग मागवाला काय करतो? पाळी आठाची बारा तासांची करतो आणि जादा चार तासांना साधाच दर लावतो. कायद्यानें चार जादा तासांचा दर दुप्पट, म्हणजे ते आठ तासांबरोबर झाले. बारा तासांची पाळी म्हणजे दोन दिवसांची मजुरी! ती कितीजण देतात, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावें.

आतां त्याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. समजा, मजुरी सोडून बाकीचा खर्च आणि मागवाल्याच्या स्वतःच्या पोटाचें मिळून मीटरला दोन रुपये पडतात. तर मीटरचा खरा दर झाला पांच रुपये. म्हणजे पिकाला साडेनऊ पैशांहून थोडा अधिक. सहा पैशांच्या दराशीं तुलना केली तर मीटरमागें १ रुपया ८८ पैसे कमी पडतात. एका सदऱ्याला अडीच मीटर कापड लागतें. म्हणजे सदऱ्यामागें सुमारें पावणेपांच रुपये! शेंकड्यांनीं रुपये मोजून दुकानांत सदरा घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पावणेपांच रुपये जड होतील काय? मुळींच नाहीं. मग ते जातात कोठें? ते व्यापाऱ्यापासून दुकानापर्यंतच्या साखळींत मुरतात. आणि इकडे मालक व गडी, दोन्ही दरिद्री, एकमेकांच्या नरड्याला हात घालतात. २०१५ सालीं इचलकरंजींतील सायझिंग कामगारांना सुधारलेल्या किमान वेतनासाठीं दीर्घ संप करावा लागला. सायझिंग बंद पडलें कीं बीम अडतात, आणि बीम अडले कीं खर्चीवाल्या मागवाल्याची चूलही विझते. एकाच नावेंतले प्रवासी एकमेकांना पाण्यांत ढकलतात आणि नावेचा धनी कांठावर उभा राहून गंमत पाहतो.

शेतकरी बंधूंनो, मागवाल्यांच्या या तंट्याशीं आपला काय संबंध, असें म्हणूं नका. ऊसाला रास्त व किफायतशीर दर मिळावा म्हणून तुम्ही रस्त्यावर उतरतां, ऊसाच्या गाड्या अडवितां. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळालें पाहिजे. उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज. कारखान्यानें "आम्हांला परवडत नाहीं" म्हटलें तर तुम्ही तें ऐकून घेतां काय? जो ऊसाला हमी मागतो त्यानें घामाला हमी नाकारूं नये. खुरपणीला बोलावलेल्या बाईलाही किमान मजुरीचा हक्क आहे. शेतीसाठीं पांचापर्यंतच माणसें ठेवणाऱ्याला नोंदवह्यांची सक्ती नाहीं. पण मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा मागितल्यास दाखवावा लागतो, आणि मजुरीतून तर सुटका मुळींच नाहीं.

आतां लहान मागवाल्या बांधवांना दोन गोष्टी रोखठोक सांगतों. पहिली गोष्ट, वही आपल्या हातानें लिहा. आपल्या पूर्वजांना लिहितां येत नव्हतें म्हणून दुसऱ्यानें लिहिलेल्या आंकड्याखालीं ते अंगठे करीत गेले आणि जमिनी गमावून बसले. आज तुम्हांला लिहितां येतें, तरी वही मात्र शहरांतला सल्लागार लिहितो! एका वहींत नांव, काम, तारीख, तास, जादा तास, उतरलेले मीटर, दिलेली रक्कम आणि उचल एवढीं खानीं आंखा. पगाराच्या दिवशीं गड्याला चिठ्ठी द्या. रक्कम शक्यतों बँकेंतून द्या. तीच उद्यां तुमची ढाल होईल. मजुरी दिली कीं नाहीं असा वाद उठला, तर दिल्याचें शाबीत करण्याचा बोजा मालकावर आहे. कमी दिल्याचें ठरलें, तर थकलेल्या रकमेच्या दसपटीपर्यंत भरपाई लागूं शकते. शिवाय ५० हजारांपर्यंत दंड. तीन वर्षांमागचा दावाही गडी आणूं शकतो. ज्यानें मजुरी दिली पण लिहिली नाहीं, त्याचें देऊनही न दिल्यासारखें होतें. उचलीची वसुली धरून एकंदर कपात मजुरीच्या अर्ध्यापेक्षां अधिक करतां येत नाहीं, हेंही विसरूं नका. आणि किमान मजुरीवरील विशेष भत्ता महागाईप्रमाणें सहा-सहा महिन्यांनीं बदलतो. तो बदलला कीं वहीच्या पहिल्या पानावर नवा दर लिहा.

दुसरी गोष्ट, कायद्याला नुसते भिऊं नका. तो वापरावयास शिका. तुमच्या बाजूचाही कायदा आहे! सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ सालच्या कायद्याप्रमाणें लहान उद्योजकाचें बिल ठरलेल्या मुदतींत, आणि ती मुदत कितीही ठरली असली तरी ४५ दिवसांच्या आंत, चुकतें केलें पाहिजे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद मागण्यासाठीं सुविधा परिषद आहे. पण त्यासाठीं उद्यम नोंदणी पाहिजे, बिल पाहिजे, माल पोंचल्याची पावती पाहिजे. तोंडी सौद्यावर आणि चिठोऱ्यावर धंदा करणाऱ्याला कोणती परिषद तारणार? गड्याला वहींतून वगळणारा मालक स्वतःही व्यापाऱ्याच्या वहींतून वगळला जातो. दोघांच्या हक्काचें मूळ एकाच गोष्टींत आहे, आणि ती म्हणजे लिहिलेला खरा हिशेब.

कित्येक सल्लागार मात्र उलटाच धडा शिकवितात. गड्याकडून कोऱ्या पत्रकावर सही घ्यावी, कागदावर पुरी मजुरी दाखवावी आणि हातावर अर्धी ठेवावी! ही युक्ति नवी नाहीं. इंग्लंडांत क्रॅडली हीथ या गांवीं घराच्या मागल्या परसांत भट्टी घालून लोखंडी सांखळ्या घडविणाऱ्या बाया होत्या. मधल्या दलालांच्या हातून काम घेऊन त्या राबत. १९१० सालीं त्यांच्यासाठीं किमान दर ठरला, तेव्हां मालकांनीं पुष्कळ बायांकडून "आम्ही हा दर तूर्त सोडून देतों" अशा कागदांवर सह्या-निशाण्या करून घेतल्या. त्यांतील कित्येकींना वाचतांही येत नव्हतें. पण बाया संपावर गेल्या, दहा आठवडे टिकल्या आणि दर मिळवूनच घरीं परतल्या. आपल्याकडे तर असा कागद कायद्यानेंच रद्दबातल आहे. किमान मजुरीचा हक्क सोडून देण्याचा करार कोणी केला तरी त्याची किंमत कोऱ्या कागदाइतकीच. मग खोट्या पत्रकाचा उपयोग काय? इतकाच कीं सल्लागाराची फी वसूल होते आणि मालकाच्या गळ्यांत खोट्या कागदाचा फांस पडतो.

आतां व्यापाऱ्याची धमकी राहिली: "तुम्ही दर वाढवाल तर आम्ही सूत दुसऱ्या गांवीं नेऊं." एकटा मागवाला या धमकीपुढें टिकणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण किमान मजुरीचा खरा उपयोग येथेंच आहे. सर्वांनीं ती पाळली, तर एकानें दुसऱ्यापेक्षां कमी दर सांगून काम पळविण्याला बुडच राहत नाहीं. भिवंडी, मालेगांव, सोलापूर, इचलकरंजी हीं एकाच राज्याच्या हुकुमाखालीं आहेत. परराज्याच्या बाबतींत नव्या संहितेनें केंद्र सरकारला देशाचें तळवेतन ठरविण्याचा अधिकार दिला आहे; कोणत्याही राज्याला त्याच्या खालीं जातां येणार नाहीं. तें तळवेतन पोटापुरतें ठरावें यासाठीं ओरड करण्यांत गड्यानें आणि मागवाल्यानें खांद्याला खांदा लावला पाहिजे. किमान मजुरी हा लहान मालकाच्या गळ्यांतला धोंडा नव्हे. दर पाडणाऱ्या स्पर्धेच्या पुरांत पायाखालीं लागणारा तो खडक आहे.

सरकारलाही आमचें स्पष्ट सांगणें आहे. नव्या कायद्यानें इन्स्पेक्टराच्या नांवाला "सुविधाकार" असें शेंपूट जोडलें आहे. तें शेंपूट नुसतें हलण्यापुरतें असूं नये. त्यानें पेठेंत येऊन महिन्यांतून एक दिवस बसावें, वही कशी आंखावी तें दाखवावें, आणि दिवसाच्या मजुरीचा मीटरला व पिकाला किती दर पडतो याचें कोष्टक मराठींत छापून प्रत्येक शेडच्या दाराशीं लावावें. सल्लागार मंडळांत मालकांच्या जागा असतात. त्या मोठ्या गिरणीवाल्यांनीं अडवूं नयेत, सहा-आठ मागांच्या धन्यालाही तेथें बसवावें. आणि मुख्य मागणी ही कीं, दर ठरविणाऱ्यालाच जबाबदार धरावें. हें कांहीं आभाळांतून पडलेलें मागणें नव्हे. विडीच्या धंद्यांत कारखानदार मधल्या ठेकेदाराकडे बोट दाखवून हात झटकीत असे. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानें ठेकेदाराच्या मागच्या मूळ मालकालाच जबाबदार केलें, आणि १९७४ सालीं सुप्रीम कोर्टानें तो कायदा वैध ठरविला. मग सूत देऊन कापड नेणारा आणि पिकाचा पैसा ठरविणारा व्यापारीच तेवढा मोकळा कां? ज्या दरांत किमान मजुरी बसतच नाहीं असा दर देणें हाच गुन्हा ठरला पाहिजे. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा प्रकार आतां पुरे झाला.

पण सरकार आपण होऊन कांहींच देत नसतें. १८८४ सालीं नारायणराव मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईंत गिरणीकामगारांना एकत्र केलें, तेव्हां कोठें १८९० सालीं रविवारची सुटी पदरांत पडली. ती सुटी मालकांच्या दयेनें मिळाली नाहीं. सभा भरल्या, अर्ज गेले, सह्या झाल्या, तेव्हां मिळाली. तोच धडा आज गिरवावयाचा आहे. गड्यांनो, कोऱ्या कागदावर सही करूं नका; चिठ्ठी मागा, आणि आपल्या मीटरांची नोंद आपल्याजवळही ठेवा. मागवाल्यांनो, गल्लींतल्या दहा जणांनीं मिळून वरच्यासारखा हिशेब मांडा, त्यावर मजुरीचें खानें पहिलें आंखा, आणि त्या दराखालीं बीम चढवावयाचा नाहीं असा ठराव करा. तो ठराव करावयाच्या बैठकींत आपल्या गड्यांनाही बसवा. व्यापाऱ्यापुढें दहा मालक गेले तर तो त्यांना फोडील. दहा मालक आणि त्यांचे तीस गडी एकच आंकडा घेऊन गेले, तर त्याला त्या आंकड्याकडे पाहावेंच लागेल.